शरदातलं स्थलांतर आणि प्रस्तावित पवनचक्क्या: मोजायचं काय आणि कसं?

माळरान

मंडळी, लांबलचक लिहितेय पण विषय घाईचा आहे. आम्ही ज्या डोंगराच्या धारेवर पक्षी बघायला जातो तिथे पवनचक्क्या येणार असं नक्की झालंय. धारेवर एका रांगेत टर्बाइन, मागे पठारावर आणखी काही, मध्ये एक खिंड. वारा मोजायचा मनोरा आधीच उभा राहिलाय. शरदात याच धारेला धरून शिकारी पक्षी दक्षिणेकडे सरकतात हे आम्हाला माहितीये, पण "माहितीये" याच्यापलीकडे कागदावर काहीच नाही. कंपनीने करून घेतलेला पक्ष्यांचा अहवाल वाचला, यादी नीट आहे, पण निरीक्षणं सगळी उन्हाळ्यातली! स्थलांतराच्या दिवसांत तिथे कुणी बसलंच नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, माझा पवनऊर्जेला विरोध नाही. कोळसा जाळण्यापेक्षा हे हजारपट बरं. फक्त टर्बाइनच्या जागा अजून पक्क्या झालेल्या नाहीत, एखादं टर्बाइन इकडचं तिकडे सरकू शकतं, आणि ते सरकवण्यासाठी कुणीतरी ठोस माहिती द्यायला हवी. आम्ही मूठभर लोक आहोत, दुर्बिणी आहेत, एक स्पॉटिंग स्कोप (तिकाटण्यावरची एकनळी दुर्बीण) आहे, रात्री लावता येईल असा एक रेकॉर्डर आहे. हा सीझन हातातून जाऊ द्यायचा नाहीये. नुसती "अमुक इतके गरुड दिसले" अशी यादी नेऊन दिली तर ती फाइलमध्ये जाईल आणि तिथेच राहील. उपयोगी पडेल अशी मोजणी कशी करायची ते सांगा.

कड्यावरून

ताई, वेळेवर विचारलंत. पहिलं म्हणजे बसायची जागा. आपण पक्षीनिरीक्षक लोक सवयीने जिथून पक्षी सगळ्यात छान दिसतात तिथे बसतो. इथे तसं चालणार नाही, जिथून टर्बाइनच्या जागांवरचं आकाश दिसतं तिथे बसायचं. एका जागेवरून साधारण २ किलोमीटरच्या आतलं आणि समोरचं अर्धवर्तुळ एवढंच धरायचं, त्यापलीकडचं दिसलं तरी हिशोबात घ्यायचं नाही, कारण लांबचा ससाणा सुटतो आणि लांबचं गिधाड दिसतं, मग आकडे वाकडे होतात. स्कॉटलंडच्या सरकारी निसर्गसंस्थेच्या नियमावलीत एका जागेसाठी एका हंगामात कमीत कमी ३६ तास सांगितलेत. कमीत कमी हं. स्थलांतराच्या वाटेवर एवढ्याने भागत नाही, कारण निम्मे पक्षी मोजक्या दोन-चार दिवसांत निघून जातात आणि नेमके तेच दिवस तुमचे हुकले तर सगळं चित्रच बदलतं.

दुसरं, आणि हे फार जीव तोडून सांगतोय, रिकामे तास लिहा. तीन तास बसलात आणि एक घारसुद्धा फिरकली नाही तरी तो तक्ता भरायचा, वेळ, वारा, ढग, सगळं. हौशी मोजणीचा सगळ्यात मोठा घोळ हाच असतो की लोक चांगल्या दिवशी जातात आणि चांगल्या दिवसाचीच नोंद करतात. मग समोरचा माणूस विचारतो की बाकीच्या दिवशी काय होतं, आणि उत्तर नसतं. तारखा आणि वेळा आधी ठरवून टाका, मग ऊन असो ढग असो, जायचंच.

तिसरं उंची. मीटरमध्ये अंदाज लिहू नका, तुमचा ८० आणि माझा ८० एक नसतो. तीनच पट्टे करा: पात्याच्या खाली, पात्याच्या टप्प्यात, पात्याच्या वर. समजा टर्बाइनचा मध्य १२० मीटरवर आहे आणि पातं ७० मीटरचं, तर धोक्याचा पट्टा जमिनीपासून ५० ते १९० मीटर. तुमच्याकडे तो वारा मोजायचा मनोरा उभा आहे ना, त्याची उंची विचारून घ्या, तीच तुमची पट्टी. पहिले दोन दिवस मोजणी नका करू, नुसते घारींकडे बघत बसा आणि एकमेकांचा अंदाज ताडून बघा, लेझर रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) कुणाकडून मिळाला तर सोन्याहून पिवळं.

माळरान

दादा, हे सगळं उतरवून घेतलं. एक शंका. जॉर्जिया देशातल्या बातूमीला लोक शरदात दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी मोजतात, मेक्सिकोत वेराक्रूझला त्याहून कितीतरी जास्त. तिथले लोक तर फक्त आकडे मोजतात, किती गेले एवढंच. मग आपल्याला एवढी उंचीची, पट्ट्यांची भानगड का?

आकडेमोड

कारण प्रश्न वेगळा आहे. बातूमीचा प्रश्न "या वर्षी किती पक्षी गेले" असा आहे, त्यातून वर्षानुवर्षांचा चढउतार कळतो. तुमचा प्रश्न "या ठराविक टर्बाइनच्या पात्यातून किती जाणार" असा आहे. हजार मधुबाज ६०० मीटरवरून सरळ निघून गेले तर टर्बाइनच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच. आणि एकच गरुड रोज सकाळी त्याच उतारावर १०० मीटर उंचीवर दहा-दहा मिनिटं घिरट्या घालत असेल तर तो एकटा त्या हजारांपेक्षा भारी. म्हणून पक्षी मोजायचे तसे सेकंदही मोजायचे: पक्षी दिसल्यापासून कुठल्या पट्ट्यात किती वेळ होता. स्टॉपवॉचवर दर १५ सेकंदांना बीप लावून ठेवा, बीप झाली की पट्टा लिहायचा.

हे आकडे मग टक्कर-अंदाजाच्या गणितात जातात. गणित म्हणजे, पक्ष्याने काहीच चुकवलं नाही तर किती आदळतील ते आधी काढायचं आणि मग बहुतेक पक्षी चुकवतात म्हणून त्याला कात्री लावायची. स्कॉटलंडमध्ये माहिती नसलेल्या जातीसाठी ९८ टक्के चुकवतात असं धरतात, सोनेरी गरुडासाठी ९९, पांढऱ्या शेपटीच्या समुद्रगरुडासाठी ९५. आता बघा, ९८ चं ९९ केलं की १०० पैकी २ मरत होते ते १ झाले, म्हणजे मृत्यू थेट निम्मे. ९५ केलं तर ५, अडीचपट. डोंगरावर महिनाभर घाम गाळून आणलेला आकडा या एका टक्क्यात कुठल्या कुठे जातो. अहवाल वाचताना पहिलं पान सोडा, आधी हा टक्का कुठला घेतलाय ते शोधा.

वाऱ्याचा माणूस

मी दुसऱ्या बाजूचा आहे, टर्बाइनच्या जागा ठरवण्याच्या कामात असतो. आकडेमोड यांच्याशी सहमत, आणि त्यात भर घालतो. स्पेनच्या काडिझ प्रांतात २० पवनप्रकल्पांचं आधी केलेलं भाकीत आणि नंतर प्रत्यक्ष मेलेले पक्षी यांची तुलना केली गेली, २०१२ साली ती छापून आली. दोन्हींचा एकमेकांशी जवळपास संबंध नव्हता. म्हणजे ज्या प्रकल्पाला "धोका कमी" म्हटलं तिथे जास्त मेले असंही झालं. कारण साधं होतं, धोका अख्ख्या प्रकल्पाचा काढला होता आणि पक्षी मरतात ते दोन-चार ठराविक टर्बाइनवर. शेजारचं टर्बाइन वर्षानुवर्षं स्वच्छ आणि त्याच्या बाजूचं, उताराच्या तोंडाशी असलेलं, गिधाडं खातंय.

त्यामुळे आमच्यासमोर "परिसरात २२ जातींचे शिकारी पक्षी" हे वाक्य आलं तर आम्ही काय करणार? काहीच नाही. "सात नंबरच्या जागेवर, वारा पश्चिमेचा असताना, दहा ते बाराच्या दरम्यान पात्याच्या टप्प्यात" असं आलं तर मी नकाशा उघडून सात नंबर सरकवता येतो का बघतो. टर्बाइनचे नंबर आणि जागा प्रकल्पाच्या कागदपत्रांत असतात, त्या नंबरनेच नोंदी करा. आणि पाया खणायच्या आधी द्या. एकदा काँक्रीट ओतलं की सरकवणं हा विषयच संपतो, मग फक्त बंद ठेवायचं का एवढाच प्रश्न उरतो.

सरळबोट

वाईट वाटून घेऊ नका पण एक विचारतो. एकट्या अमेरिकेत मांजरं वर्षाला अब्जाच्या वर पक्षी मारतात, काचेच्या इमारतींना धडकून ३६ कोटींच्या वर मरतात, आणि टर्बाइनमुळे मरणाऱ्यांचा अंदाज काही लाखांत आहे. मग टर्बाइनवरच एवढी भिंगं का? तापमानवाढीने जे पक्षी जातील त्यांचं काय? अशा मोजण्यांच्या नावाखाली चांगले प्रकल्प वर्षानुवर्षं अडकून पडतात हेही खरं आहे.

आकडेमोड

आकडे बरोबर आहेत तुमचे, अमेरिकेतल्या २०१३-१४ च्या अभ्यासांतलेच आहेत. पण कुठले पक्षी मरतात ते बघा. मांजर चिमणी-मुनिया मारतं, गरुड नाही. ग्रिफन गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, सोनेरी गरुडाला वयात यायलाच चार-पाच वर्षं लागतात. चिमणीवर्गातले पक्षी एका हंगामात जेवढी भरपाई करतात तेवढी करायला या मंडळींना आयुष्य पुरत नाही. कॅलिफोर्नियातल्या अल्टामाँट पासला १९८० च्या दशकात टर्बाइन लावले ते नेमके अशा ठिकाणी, जिथे खाली जमिनीवर खारी भरपूर आणि वर सोनेरी गरुड. पुढची कित्येक दशकं तिथे गरुड मरत राहिले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि शेवटी जुनी टर्बाइन काढून कमी संख्येने मोठी लावायची वेळ आली. आधी जागा बघितली असती तर पवनऊर्जेचं नावही एवढं खराब झालं नसतं. मोजणी आधी होते तेव्हा प्रकल्प अडकत नाही, नंतर मेलेले पक्षी सापडायला लागले की अडकतो.

रानवाटा

आणि मरणं हा एकच परिणाम नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा अभ्यास २०१८ मध्ये आला होता. टर्बाइन असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चारपट कमी, आणि ते कमी झाले म्हणून सरड्यांची संख्या वाढलेली, सरड्यांचं वागणंसुद्धा बदललेलं. म्हणजे पक्षी आदळून मेले नाहीत तरी ते ती जागा सोडून जातात आणि खालची सगळी साखळी हलते. म्हणून ताई, टर्बाइन येणार नाहीत अशी तशीच एखादी धार शेजारी असेल तर तिथेही थोडं बसा. उद्या पक्षी कमी झाले तर ते पवनचक्कीमुळे की सगळीकडेच कमी झाले हे त्याशिवाय सांगता येणार नाही.

सरळबोट

ठीक, जातींचा मुद्दा पटला. मग टर्बाइन उभी राहिल्यावर काहीच करता येत नाही का? पात्याला काळा रंग दिला की पक्ष्यांना दिसतं असं वाचलं होतं.

वाऱ्याचा माणूस

नॉर्वेच्या स्मोला बेटावरचं ते. तीन पात्यांपैकी एक काळं केलं आणि मृत्यू ७० टक्क्यांच्या आसपास कमी झाले, २०२० मध्ये छापून आलं. आशादायक आहे, पण रंगवलेली टर्बाइन फक्त चार होती, तेवढ्यावर सगळीकडे तेच होईल असं मी म्हणणार नाही. पातं दिसत का नाही ते समजून घ्या: १४० मीटर व्यासाचं चक्र मिनिटाला ११ वेळा फिरलं तर बघणाऱ्याला संथ वाटतं, पण टोक ताशी २९० किलोमीटरच्या आसपास धावत असतं. शिवाय गिधाड उडताना खाली जमिनीकडे बघत असतं, समोर काय आहे ते त्याला नीट दिसतच नाही.

खात्रीचा उपाय म्हणजे पक्षी येताना टर्बाइन थांबवणं. स्पेनमध्ये तारिफाजवळ निरीक्षक बसवून धोकादायक टर्बाइन तेवढ्यापुरती थांबवली, गिधाडांचे मृत्यू निम्म्यावर आले आणि वीज किती बुडाली तर वर्षाला ०.०७ टक्के. पुढे १३ वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा गिधाडांच्या मृत्यूंमधली घट ९० टक्क्यांच्या वर गेली होती, वीज बुडाली अर्ध्या टक्क्याच्या आसपास. इजिप्तमध्ये सुएझच्या आखाताकाठी करकोच्यांसाठी हेच करतात, तिथून तर दोन्ही हंगामांत लाखोंनी मोठे पक्षी जातात.

पण ह्याला आधीची मोजणी लागतेच. सरळ तरंगत येणारा पक्षी सेकंदाला १५ मीटर कापतो, म्हणजे २ किलोमीटरवर दिसला तर हातात सव्वादोन मिनिटं. तेवढ्यात ओळखायचं, फोन करायचा, पाती थांबायची. निरीक्षक चुकीच्या बाजूला बसला असेल तर काय उपयोग? कुठून येतात, कुठल्या तासाला, कुठल्या वाऱ्याला, हे तुमच्या तक्त्यातूनच कळणार.

रात्रपाखरू

सगळे गरुड-गिधाडांवर बोलताय, रात्रीचं कुणी बोलेना म्हणून लिहितेय. स्थलांतर करणारे बहुतेक छोटे पक्षी रात्री उडतात. सूर्य मावळल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने निघतात, पुढच्या काही तासांत आकाश भरतं, पहाटेपर्यंत ओसरतं. दिवसा तुम्ही धारेवर बसून "तीरचिमण्या आणि धोबी थोडे" असं लिहाल आणि रात्री डोक्यावरून हजारो गेले असतील.

रेकॉर्डर आहे ना, तो लावाच. उघड्यावर, माइक वर करून, झाडाच्या पानांपासून लांब, फोमचं वाऱ्याचं टोपण घालून. घड्याळ मोबाइलशी जुळवून घ्या, नाहीतर नंतर हवामानाच्या नोंदींशी काहीच जुळत नाही. आवाजावरून पक्षी ओळखणारं सॉफ्टवेअर (बर्डनेट वगैरे) पहिली चाळणी म्हणून छान आहे पण रात्री उडतानाचे आवाज म्हणजे पाव सेकंदाचं "त्सिप्", त्यात ते भलतंच नाव सांगतं. प्रत्येक आवाजाचा स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचं चित्र) डोळ्याने बघायचा, खात्री नसेल तर "अनोळखी" लिहायचं, अनोळखी लिहिण्यात काही कमीपणा नाही.

आणि आवाज म्हणजे संख्या नव्हे हे लक्षात ठेवा. काही जाती उडताना बोलतच नाहीत, आणि धुक्यात एकच पक्षी चारदा बोलतो. खरी संख्या आणि उंची रडारवरच कळते, उभं फिरवलेलं जहाजाचं रडार वापरतात त्यासाठी. ते आपल्या खिशाला नाही परवडत, पण प्रकल्पवाल्यांनी लावावं अशी मागणी लेखी करता येते, आणि तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज भरपूर असतील तर त्या मागणीला वजन येतं. अजून एक जुना बिनखर्चाचा उपाय म्हणजे पौर्णिमेच्या आसपास स्कोप चंद्रावर लावून समोरून जाणाऱ्या पक्ष्यांच्या आकृती मोजणं. १९४० च्या दशकात रात्रीचं स्थलांतर याच पद्धतीने शिस्तीत मोजायला सुरुवात झाली.

माळरान

चंद्राचं माहितच नव्हतं, हे नक्की करणार! रात्रीच्या पक्ष्यांना टर्बाइनचा धोका कितपत? ते तर उंच जातात ना?

रात्रपाखरू

मोकळ्या रात्री बरेचसे पात्यांच्या वरून जातात. घात होतो तो खराब हवेत. ढग खाली आले, धुकं आलं, पाऊस लागला की ते खाली येतात आणि नेमका तेव्हा कुठे प्रखर दिवा चालू असेल तर त्याच्याभोवती गोल गोल फिरत राहतात. ऑक्टोबर २०११ मध्ये अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाच्या लॉरेल माउंटन प्रकल्पात धुक्याच्या रात्री विजेच्या उपकेंद्राचे दिवे चालू राहिले आणि जवळपास ५०० पक्षी मेले. पात्याला धडकून नाही, दिव्यांपायी! मिशिगनमध्ये संपर्क मनोऱ्यांवरचे अखंड जळणारे दिवे काढून फक्त लुकलुकणारे ठेवले तर मृत्यू ५० ते ७१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे उपाय किती स्वस्त आहे बघा. तुमच्या निवेदनात दिव्यांचं कलम वेगळं टाका: मनोऱ्यावर लुकलुकणारे, उपकेंद्रात आणि टर्बाइनच्या दारावर माणूस आला तरच लागणारे आणि खाली तोंड असलेले.

अंधारपंख

त्याच रेकॉर्डरने वटवाघळंही होतात का बघा, अल्ट्रासाउंड पकडणारा असेल तर. उन्हाळा संपताना आणि शरदात टर्बाइनखाली वटवाघळं पक्ष्यांपेक्षाही जास्त सापडतात, कित्येक ठिकाणी. त्यांना वाचवणं सोपं आहे कारण ती मंद वाऱ्याच्या रात्रीच जास्त उडतात. पेनसिल्व्हेनियातल्या एका प्रकल्पात मंद वाऱ्यात पाती फिरूच दिली नाहीत, थोडा जास्त वारा आल्यावरच सुरू केली, तर मृत्यू रात्रीगणिक सरासरीने ४४ ते ९३ टक्के कमी आणि वर्षाच्या विजेत घट १ टक्का किंवा त्याहून कमी. मंद वाऱ्यात तशीही वीज फारशी होतच नाही.

पठारावरचा

मी रोज वाचतो, लिहित नाही. आमची जमीन अशाच एका प्रकल्पात जाणारे, भाडं येईल त्याची घरात गरज आहे म्हणून मी प्रकल्पाच्या बाजूने आहे. पण एक सांगावंसं वाटलं. तुम्ही लोक दुर्बीण घेऊन हंगामात येता, गुरं-मेंढरं घेऊन जाणारे वर्षभर तिथंच असतात. सकाळी ऊन कुठल्या कड्यावर आधी लागतं आणि घारी कुठून उठतात, गिधाडं रात्री कुठं बसतात, हे त्यांना विचारा. आणि मेलेलं जनावर कुठं टाकतात तेही विचारा. आमच्याकडं टाकायची जागा अशी आहे की तिथून ५०० मीटरवर टर्बाइनचा खांब धरलाय. हे कुठल्याच अहवालात नव्हतं कारण कुणी विचारलंच नाही. जनावर टाकायची जागा लांब नेली तर गिधाडंही लांब जातील, त्याला टर्बाइन हलवायची पण गरज नाही.

वाऱ्याचा माणूस

दादा, तुमची ही पोस्ट आमच्या कामाच्या फार जवळची आहे. टाकायची जागा हलवणं प्रकल्पाच्या अटींमध्ये घालता येतं आणि त्याचा खर्च प्रकल्पाने करायचा. ग्रामसभेत लेखी मांडा.

रानवाटा

विजेच्या तारा विसरू नका रे कुणी. टर्बाइनवर सगळ्यांची नजर आणि वीज वाहून नेणारी लाइन मागच्या मागे निघून जाते. माळढोकाचं काय झालं माहितीच आहे, तारांना धडकून मरत होते म्हणून सुप्रीम कोर्टाला २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घालायचा आदेश द्यावा लागला आणि २०२४ मध्ये तो बदलून समिती नेमावी लागली. क्रौंच, करकोचे, मोठी बदकं, जड पक्षी असले की तार हीच मोठी वैरीण. लाइन कुठल्या तळ्याच्या आणि कुठल्या शेतांच्या मधून जाते ते बघा, पहाटे-संध्याकाळी त्या रेषेवरून किती थवे ओलांडतात तेवढं मोजलं तरी पुष्कळ.

माळरान

माहिती कुणाला द्यायची यावर आमच्यात वाद झालाय. एकजण म्हणतो कंपनीला द्यायचीच नाही, ते हवं तेवढं उचलतील. दुसरी म्हणते ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या जाहीर वेबसाइटवर) टाकून मोकळं व्हा.

कड्यावरून

ई-बर्डवर टाका, पण तेवढ्याने काम होत नाही, तिथे पट्टे आणि सेकंद राहत नाहीत. मूळ तक्ते स्कॅन करून ठेवा, प्रत्येक पानावर तारीख, वेळ, कोण बसलं होतं. मग कंपनी, परवानगी देणारं खातं आणि वन खातं, तिघांना एकाच दिवशी एकच फाइल. सगळ्यांकडे तेच असलं की कुणाला हवं तेवढं उचलता येत नाही. गैरसोयीचे दिवसही त्यातच असू द्या. ज्या टर्बाइनवर काहीच दिसलं नाही तिथे तसं स्पष्ट लिहा, मग बाकीच्यांवर तुम्ही म्हणता त्यावर विश्वास बसतो. फक्त घरट्यांच्या आणि रात्री बसायच्या नेमक्या जागा जाहीर करू नका, त्या वन खात्यालाच.

आणि दुपारच्या शांततेला फसू नका. बारा ते दोन पक्षी दिसेनासे होतात, लोक डबे उघडतात. बहुतेक वेळा पक्षी गेलेले नसतात, गरम हवेने इतके वर नेलेले असतात की निळ्या आकाशात नजर लागत नाही. पांढरा ढग मागे असेल तर तेच पक्षी दिसतात. म्हणून मागे आकाश कसं होतं तेही लिहायचं, निळं, पांढरं की करडं. मोठा थवा घिरट्या घालत असताना मोजायला जाऊ नका, दोनदा-तीनदा मोजले जातात. वर पोचून ते एकामागे एक पुढच्या दिशेला सुटतात, तेव्हा ओळीत मोजा. चढताना पट्टा लिहायचा, सुटताना संख्या.

माळरान

सुरुवात झाली! दोन जागा पकडल्या, एक धारेच्या उत्तर टोकाला, एक खिंडीसमोर, दोन्हीकडे तेवढेच तास आणि त्याच वेळा. अजून हंगाम अर्धाही नाही झाला पण एक गोष्ट ठळक दिसतेय म्हणून विचारते. वारा पश्चिमेचा असला की भोवत्या (हॅरियर) आणि ससाणे धारेला चिकटून येतात आणि खिंडीपाशी आले की एकदम खाली उतरून पलीकडे जातात, दोन प्रस्तावित खांबांच्या बरोबर मधून, आणि पात्याच्या टप्प्यात. वारा पूर्वेचा फिरला की तिथे शुकशुकाट, सगळे पठाराच्या मागच्या अंगाने, बरेच उंच. हे आत्ताच कळवावं की हंगाम संपू द्यावा?

वाऱ्याचा माणूस

आत्ता एक छोटं पत्र द्या, निष्कर्ष नाही, फक्त "खिंडीजवळच्या या दोन जागांवर पश्चिम वाऱ्यात अशी हालचाल दिसतेय, मोजणी चालू आहे, जागा पक्क्या करायच्या आधी पूर्ण आकडे बघावेत" एवढंच, आणि पोच घ्या. बाकीचं हंगामानंतर. त्या मनोऱ्यावर वाऱ्याची दर १० मिनिटांची नोंद होते, ती मागा, तुमच्या तक्त्याशेजारी ती लावली की मग "आम्हाला असं वाटलं" हा भाग राहत नाही.

आकडेमोड

पत्र पाठवायच्या आधी एक तपासा. खिंडीसमोर बसणारी माणसं तीच आहेत का? एखाद्याची नजर जास्त तीक्ष्ण असेल तर तो जिथे बसतो तिथेच पक्षी जास्त होतात. आलटून पालटून बसवा. आणि पश्चिम वाऱ्याचे तास किती, पूर्वेचे किती, तेही मोजा. पश्चिमेचा वारा जास्त तास असेल तर त्या वाऱ्यात पक्षी जास्त दिसणारच, म्हणून नुसती संख्या नको, दर तासाला किती ते काढा. शक्य असेल तर पुढच्या वर्षीही बसा, एका वर्षाचे वारे म्हणजे सगळ्या वर्षांचे नव्हेत.

माळरान

माणसं उद्यापासून बदलते. तासांचा हिशोब आज रात्री बसून करते आणि दर तासाचे आकडे दोन्ही वाऱ्यांसाठी वेगवेगळे काढून पत्रासोबत जोडते. पुढच्या वर्षाचं म्हणाल तर तीन जण आत्ताच तयार आहेत, आणि पठारावरचे दादा, तुमच्या पोस्टनंतर आम्ही मेंढपाळांना विचारलं, गिधाडांची बसायची एक जागा निघालीये जी आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. ती तिसरी टेहळणीची जागा करतोय. कुणाकडे लेझर रेंजफाइंडर असेल आणि महिनाभर देता येत असेल तर मेसेज करा.